‘पित्ताची गोळी द्या’ म्हणण्याआधी

औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मला बावीस वर्षं झाली. दिवसातून दोन-तीनदा तरी कुणीतरी येतं आणि म्हणतं, "पित्ताची गोळी द्या." मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न विचारतो: "छातीत जळजळतंय की अंगावर उठलंय?" मराठीत पित्त एकच, पण दुखणी दोन. घशाशी आंबट येतं तेही पित्त, आणि अंगभर लाल गांधी उठून खाज सुटते तेही पित्तच. पहिल्याला आम्लपित्ताचं औषध लागतं, दुसऱ्याला ॲलर्जीचं. गोळी आणायला बहुधा घरातलं पोर आलेलं असतं आणि त्याला फक्त "पित्ताची आण" एवढंच सांगितलेलं असतं. मग चुकीची पट्टी घरी जाते आणि खाज रात्रभर तशीच राहते.

हा लेख त्या दुसऱ्या गोळीबद्दल आहे. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, ॲव्हिल, सीपीएम ही सगळी त्याच घराण्यातली. या औषधांना अँटिहिस्टामिन म्हणतात. ती स्वस्त आहेत, बहुतेकांना मानवतात आणि प्रत्येक घरात औषधांच्या डब्यात एखादी अर्धी पट्टी पडलेली असते. म्हणूनच ती घेताना कुणी फारसा विचार करत नाही. तो कसा करायचा, हे क्रमाने सांगतो.

ही गोळी कुठे पुरत नाही, हे सगळ्यात आधी

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, कोळंबी किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर, एखादं इंजेक्शन किंवा नवीन गोळी घेतल्यावर काही मिनिटांत पुढचं काही दिसलं, तर अँटिहिस्टामिनवर विसंबू नका: जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, छातीत शिट्टीसारखा आवाज, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, एकामागून एक उलट्या. याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. इथे जीव वाचवणारं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनचा परिणाम दिसायला साधारण तासभर लागतो. श्वासनलिका सुजत असताना तेवढा वेळ हातात नसतो, आणि तो असता तरी ही गोळी घसरलेला रक्तदाब वर आणत नाही.

अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय गाठा. माणसाला आडवं झोपवून पाय थोडे उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. चालवत नेऊ नका. बरं वाटलं म्हणून लगेच घरीही आणू नका, कारण काही तासांनी हाच प्रकार पुन्हा उसळू शकतो. "आधी गोळी देऊन बघू, नाही उतरलं तर जाऊ" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

त्रास ॲलर्जीचाच आहे का?

नाक वाहतंय म्हणजे ॲलर्जी, असं नाही. साधी विषाणूची सर्दी असेल तर घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते, आणि आठ-दहा दिवसांत ती आपोआप ओसरते. ॲलर्जीच्या सर्दीची ओळख म्हणजे खाज. नाकात, टाळूला, डोळ्यांत खाज येते, सकाळी उठल्या उठल्या ओळीने शिंका येतात, पाण्यासारखं नाक गळतं आणि ताप नसतो. ती ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी येते: दसऱ्या-दिवाळीआधी माळा झाडताना, जुनी गोधडी काढताना, पावसाळ्यात ओल धरलेल्या खोलीत. विषाणूच्या सर्दीवर नव्या पिढीची अँटिहिस्टामिनं जवळजवळ निरुपयोगी असतात. तिथे गोळी घेऊन चार दिवसांनी बरं वाटलं, तर श्रेय चार दिवसांचं असतं.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. नाक चोंदणं हा मुख्य त्रास असेल तर ही गोळी फारसं काही करत नाही. तिचा जोर खाज, शिंका आणि वाहणाऱ्या नाकावर. महिनोन्‌महिने नाक बंद राहणाऱ्यांना डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात, आणि तो गोळीपेक्षा चांगला चालतो. स्टिरॉइड हा शब्द ऐकून लोक दचकतात, पण नाकातल्या फवाऱ्याची मात्रा अगदी थोडी असते. दुसरी गोष्ट दम्याची. छातीत घरघर होत असेल तर त्याचं औषध इनहेलर. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

गाजर गवताबद्दलही लोक विचारतात. हे गवत १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास दिसू लागलं आणि आता शेताच्या बांधापासून रेल्वेरुळांपर्यंत सगळीकडे आहे. त्याच्या परागांनी शिंका येत असतील तर गोळी चालते. पण गवत उपटून झाल्यावर दोन दिवसांनी मान, पापण्या, हात यांची कातडी जाड, लाल आणि खडबडीत होते, तेव्हा तो प्रकार हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरातून सुटून खाज आणणाऱ्या द्रव्याचा नसतो. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे सावकाश काम करत असतात. त्याला त्वचारोगतज्ज्ञाचं लावायचं औषध लागतं. नुसत्या गोळ्या घेत राहिलं तर महिने वाया जातात.

गोळी आत जाऊन करते काय

ॲलर्जीच्या वेळी शरीरातल्या मास्ट पेशींमध्ये साठवलेलं हिस्टामिन बाहेर पडतं. ते रक्तवाहिन्यांवरच्या, मज्जातंतूंवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की सूज, लाली आणि खाज सुरू होते. अँटिहिस्टामिन त्या जागा आधीच अडवून ठेवतं. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. मोकळ्या जागांवर रुमाल पडतो, पण जो आधीच बसलाय त्याला रुमाल उठवू शकत नाही.

म्हणून त्रास होणार हे माहीत असेल तर गोळी आधी घ्या. उद्या माळा काढायचा असेल तर कामाला लागण्याआधी तास-दोन तास. ज्यांना ठरावीक ऋतूत रोज त्रास होतो त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस नियमित घ्यावी. शिंकांनी बेजार झाल्यावर एक, मग तीन दिवस नाही, मग पुन्हा एक, याने पदरात फार काही पडत नाही. आणि नाकातोंडाला स्वच्छ फडकं बांधणं, ओल्या कापडाने पुसणं, हे गोळी घेऊनही करायचंच. धूळ कमी तर हिस्टामिनही कमी.

जुनी की नवी?

पहिली अँटिहिस्टामिनं १९३०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. त्या काळापासून आलेली जुनी पिढी आपल्याकडे आजही भरपूर खपते: ॲव्हिल म्हणजे फेनिरामिन, सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. ही औषधं मेंदूत शिरतात. झोप येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते. क्लोरफेनिरामिनचा अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. रात्री घेतली म्हणजे सकाळी डोकं ताजं असेलच असं नाही, आणि गुंगी जाणवली नाही तरी ब्रेक दाबायला लागणारा वेळ वाढलेला असू शकतो.

नव्या पिढीत सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नावं येतात. ती मेंदूत फार कमी जातात. पण "नवी म्हणजे झोप नाही" हेही अर्धसत्य. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी सुमारे १४ टक्के जणांनी पेंग येत असल्याचं सांगितलं, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. म्हणून सेटिरिझिन पहिल्यांदा घेणार असाल तर रात्री घ्या, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला कसं वाटतं ते पाहून मगच गाडीला हात लावा. ट्रक, एसटी, रिक्षा चालवणाऱ्यांना, कारखान्यात यंत्रावर उभं राहणाऱ्यांना, परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर नेहमीच्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी किंवा अंगावरच्या पित्तासाठी जुन्या गोळ्या घरात ठेवण्याची गरज उरलेली नाही.

किती आणि कशी

मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा अशी: सेटिरिझिन १० मिग्रॅ., लेव्होसेटिरिझिन ५, लोराटाडिन १०, बिलास्टिन २०; फेक्सोफेनाडिन नाकाच्या ॲलर्जीसाठी १२० आणि वारंवार उठणाऱ्या गांधींसाठी १८०. सगळी दिवसातून एकदाच.

इथे एक घोळ नेहमी होतो. लेव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच काम करणारा अर्धा भाग आहे, त्यामुळे त्याची ५ म्हणजे सेटिरिझिनची १०. "मागच्या वेळी दहाची होती, आता पाचची दिलीत, दोन घेतो" असं म्हणून लोक नकळत दुप्पट मात्रा घेतात. आणि दोन्ही एकत्र तर कधीच घ्यायची नाहीत.

एक गोळी घेऊन दोन तासांत खाज कमी झाली नाही म्हणून दुसरी घेऊ नका. जुनाट गांधींमध्ये त्वचारोगतज्ज्ञ नव्या पिढीच्या गोळीची मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात, हे खरं आहे. पण ते वय, मूत्रपिंड, इतर औषधं पाहून केलेलं असतं. शेजारच्या वहिनींना चार दिल्या म्हणून आपण चार घ्यायच्या नसतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही.

कशासोबत घ्यायची? साध्या पाण्यासोबत. सेटिरिझिन आणि लोराटाडिन जेवणाआधी-नंतर कधीही चालतं. फेक्सोफेनाडिन मात्र संत्र्याच्या, मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेऊ नका. तशा रसांनी ते आतड्यात कमी शोषलं जातं आणि गोळी फुकट जाते. बिलास्टिन उपाशीपोटी, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. आता पुन्हा त्या दोन पित्तांकडे वळू. अंगावर उठलंय आणि छातीतही जळजळतंय, म्हणून माणूस फेक्सोफेनाडिनची गोळी आणि वरून आम्लपित्ताचं पातळ औषध एकदमच घेतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेली ही औषधं फेक्सोफेनाडिनला अडवतात. दोघांमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि गोळीच्या दिवशी दारू नको. जुन्या गोळीसोबत तर अजिबात नको.

आमसुलाचं पाणी अंगाला लावायची आपल्याकडची जुनी रीत आहे. गार वाटतं, खाज जरा शांत होते. कातडी फुटलेली नसेल तर लावा, माझी हरकत नाही. ते लावल्यामुळे गोळीत काही अडथळा येत नाही.

एकच औषध चार नावांनी

या लेखातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो मी घरातून शिकलो.

आमचे अण्णा सत्तरी ओलांडलेले, प्रोस्टेट वाढलेली. कोकणात लग्नाला निघाले. सर्दी होती म्हणून सर्दीची तयार गोळी घेतली. घाटात मळमळतं म्हणून प्रवासाची गोळी घेतली. मुक्कामी पोचल्यावर अंगाला खाज सुटली, तर कुणीतरी ॲव्हिल दिली. तीन वेगवेगळ्या कामांच्या तीन गोळ्या, असं त्यांना वाटलं. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं, प्रवासाच्या गोळीत प्रोमेथाझिन, आणि ॲव्हिल म्हणजे फेनिरामिन. तिन्ही जुन्या पिढीची अँटिहिस्टामिनं. रात्री त्यांची लघवी पूर्ण बंद झाली, पोट फुगलं, ते काहीबाही बोलू लागले. पहाटे नळी घालावी लागली. मुलगा औषधाच्या दुकानात उभा राहतो आणि बाप असा अडकतो, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी निघताना मला विचारलं नव्हतं, आणि मीही त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एक सवय लावायला सांगतो. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं किंवा मागचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. सिनारेस्टसारख्या सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं आणि पॅरासिटामॉलही. ताप म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की तीही दुप्पट होते. नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन त्यातच असतं, आणि रक्तदाब असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये डायफेनहायड्रामिन किंवा क्लोरफेनिरामिन असतं. चक्कर येण्यावरचं सिनारिझिन याच घराण्यातलं. मुलांची भूक वाढावी म्हणून देतात त्या सिरपांत अनेकदा सायप्रोहेप्टाडिन असतं. तेही अँटिहिस्टामिनच आहे, आणि भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम! त्या मुलाला वर सर्दीचं सिरप दिलं की ते वर्गात पेंगतं आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे.

आम्ही दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या देतो, तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. तुम्ही दोन्ही लिहून मागा. लिहून देणं आमचं कामच आहे. आणि कुणी कागदाच्या पुडीत बिनपट्टीच्या रंगीत गोळ्या मिसळून दिल्या, तर त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. ॲलर्जीला "एका दिवसात आराम" देणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइडची गोळी असते. ती महिनोन्‌महिने पोटात गेली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग अचानक बंदही करता येत नाही.

मुलं, गरोदर बायका, वयस्क, मूत्रपिंडाचा आजार

दोन वर्षांखालच्या बाळाला बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय यातलं काहीही नाही. झोपत नाही म्हणून सर्दीचं सिरप पाजणं तर मुळीच नाही. लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापायचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरातल्या जुन्या बाटलीवर ती सूचना नसेल, म्हणून लक्षात ठेवा.

सेटिरिझिनची मात्रा दोन ते सहा वर्षांच्या मुलांना साधारण २.५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा, सहा ते बाराच्या मुलांना ५ मिग्रॅ. दोनदा अशी असते, पण नेमकं डॉक्टरांकडूनच घ्या. सिरप मोजायला बाटलीसोबतची टोपी किंवा सिरिंज वापरा. स्वयंपाकघरातल्या चमच्यात कधी तीन मिली मावतं, कधी सात. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. काही मुलं गुंगण्याऐवजी उलट चिडचिडी आणि चंचल होतात, तेही या औषधामुळे असू शकतं.

गरोदरपणात सेटिरिझिन आणि लोराटाडिन यांचा अनुभव मोठा आहे आणि डॉक्टर बहुधा त्यांच्यातूनच निवडतात. निवड त्यांनी करायची. अंगावर पाजणाऱ्या आईने जुन्या गोळ्या टाळाव्यात. बाळ पेंगतं आणि दूधही कमी होऊ शकतं.

पासष्टीपुढच्यांना जुनी पिढी नकोच. गोंधळ, तोल जाऊन पडणं, लघवी अडणं, काचबिंदूचा दाब वाढणं, हे सगळं त्यांच्यात जास्त होतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन अंगात साठत जातात, कारण ती मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडतात. अशांची मात्रा डॉक्टर कमी करतात. फिट येणाऱ्यांनीही आधी विचारावं.

किती दिवस, आणि थांबवताना

अचानक उठलेलं पित्त बहुतेकदा थोड्या दिवसांत जातं. सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी येत-जात राहिल्या तर ते जुनाट समजतात आणि तपासणी करावी लागते. वर्षानुवर्षं रोज एक गोळी मनानेच घेणाऱ्यांसाठी एक नवी माहिती आहे. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही जणांना काही दिवसांत सर्वांगाला भयंकर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये दिला. हे क्वचित होतं. पण ज्याला होतं तो समजतो की ॲलर्जी वाढली, आणि पुन्हा गोळीकडे वळतो. दीर्घकाळ घेत असाल तर बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मात्रा हळूहळू उतरवता येते.

माँटेलुकास्ट (दम्यावर आणि ॲलर्जीवर देतात ते औषध) आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे साध्या शिंकांनाही लिहिली जाते. माँटेलुकास्टवर त्याच संस्थेने मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला: वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीला दुसरं औषध चालत असेल तर ते टाळावं, असंच त्यात म्हटलंय. मुलाचं वागणं ही गोळी सुरू झाल्यापासून बदललं असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टरांकडे जाताना

ॲलर्जी कशाची आहे हे पाहायला कातडीवर टोचून चाचणी करणार असतील, तर अँटिहिस्टामिन आधी बंद ठेवावं लागतं, साधारण आठवडाभर. किती दिवस ते वेळ ठरवतानाच विचारा, नाहीतर चाचणी काहीच दाखवत नाही आणि फेरी वाया जाते. यात सर्दीच्या तयार गोळ्या आणि खोकल्याचं सिरपही मोजायचं. गांधी उठतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या बहुतेकदा मावळलेल्या असतात. आदल्या काही तासांत काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, कुठे हात घातला ते फोटोबरोबर लिहा. दुखण्यावरच्या साध्या गोळ्यांनीही पित्त उठतं. आणि घरातला औषधांचा डबा उपडा करून त्यातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्या.